पाटीवर नाव कुणाचे?

आपल्या सोसायटीत फौजेत नोकरी केलेली सात घरे आहेत. पाच लष्करातली, दोन नौदलातली. या सातही घरांत दिवाणखान्यात, टीव्हीच्या वर नाहीतर देव्हाऱ्याच्या शेजारी, एक तरी लाकडी ढाल टांगलेली आहे. मध्ये पितळी बिल्ला, खाली पितळी पट्टी आणि पट्टीवर नाव. घरातली मंडळी तिला ‘शिल्ड’ म्हणतात, फौजी माणूस ‘मोमेंटो’ म्हणतो आणि नौदलवाले ‘क्रेस्ट’ म्हणतात. पाहुणा आला की विचारतो, “हे कुठल्या स्पर्धेचं?” आणि विषय तिथेच संपतो.

रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात या सगळ्यांच्या सन्मानाची एक मोठी लाकडी पाटी लावायची असे कार्यकारिणीने ठरवले आणि काम माझ्याकडे आले. साहजिकच आहे. आपल्या महापे एमआयडीसीत माझा छोटा गाळा होता. तीसेक वर्षे मी हेच केले : ढाली, नामफलक, निरोप समारंभाची सन्मानचिन्हे. सेक्रेटरी म्हणाले, “पाटी करताच आहात, तर स्मरणिकेत तिचा इतिहासही लिहून टाका.” मी इतिहासाचा माणूस नाही, लाकडाचा आहे. पण पाटीचा मसुदा हातात आला तेव्हा त्यावर लिहिले होते, ‘संस्थेच्या ज्या सभासदांनी देशाच्या सैन्यदलांत सेवा केली...’ आणि त्या ‘सभासदांनी’ या शब्दावर माझी पेन्सिल थांबली. त्याचे कारण सांगायचे तर इतिहासातूनच जावे लागेल. तेव्हा थोडा धीर धरा.

आधी लाकूड. फौजी पाटीला सागवान लागते, निदान लागत असे. सागाच्या अंगात तेल असते. त्यामुळे ते पाण्याने सहज फुगत नाही, वाळवी त्याला लवकर तोंड लावत नाही आणि त्यात बसवलेला लोखंडी खिळा लवकर गंजत नाही. विलायतेतल्या ओकच्या लाकडात आम्ल असते, ते लोखंड खाते. हा फरक मुंबईच्या गोदीत अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच लोकांना कळला होता. सुरतेहून १७३६ मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या इथे सागवानी जहाजे बांधली आणि ब्रिटिश नौदलाने ती विकत घेतली. त्यांपैकी ‘त्रिंकोमाली’ हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. दोनशे वर्षांनंतर! आपल्या बिल्डरने लावलेले बाथरूमचे दरवाजे किती वर्षे टिकले, ते आपण सगळे जाणतोच.

जुन्या युद्धनौकेचे लाकूड भेट म्हणून देण्याची रीतही जुनी आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत जे भलेमोठे टेबल बातम्यांत दिसते, ते ‘रेझोल्यूट’ नावाच्या ब्रिटिश जहाजाच्या ओकचे आहे. १८८० मध्ये व्हिक्टोरिया राणीने ते पाठवले आणि ही हकिकत सांगणारी धातूची पट्टी त्याच्यावर बसवलेली आहे. म्हणजे लाकूड आणि त्यावर पट्टी. आमचा धंदा तोच, माप लहान.

ढालीचा आकार कुठून आला, हे मला नौदलाच्या ऑर्डरी घेताना समजले. पूर्वी जहाजाचे चिन्ह कप्तान आपल्या मर्जीने करून घ्यायचा. एकाच जहाजाची दोन-दोन चिन्हे व्हायची. तेव्हा १९१८ मध्ये ब्रिटिश नौदलाने अधिकृत चिन्हे ठरवायला समिती नेमली. मोठ्या लढाऊ जहाजाला गोल, क्रूझरला पंचकोनी आणि विनाशिकेला ढालीसारखा आकार, अशी विभागणी झाली. जहाजावर लावायचे चिन्ह धातूचे असे. त्याचीच छोटी प्रतिकृती लाकडावर बसवून परक्या बंदरात यजमानांना द्यायची प्रथा पडली. आपल्या नौदलाने ती पुढे चालू ठेवली आणि तिला आपली चिन्हे दिली. लष्करात पलटणीचा टोपीवरचा बिल्ला होताच, तो मोठा करून लाकडावर चढला.

आमच्या गाळ्यात सुरुवातीला बिल्ले मुरादाबादेहून ओतीव पितळेचे येत. लाकूड आम्ही कापायचो. पट्टीकरवतीने ढालीचा आकार, कडेला गोलाई, मग चार नंबरांचे पॉलिश पेपर एकामागून एक आणि शेवटी लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने दिलेले हात. आठ-दहा हात दिल्याशिवाय सागाचा रेषा वर येत नाही. नावाची पट्टी एक म्हातारे कारागीर हाताने खोदायचे, अक्षरामागे पैसे घ्यायचे. त्यामुळे गिऱ्हाईक नाव आखूड करून सांगायचे. पुढे नक्कल काढून खोदणारे पँटोग्राफ यंत्र घेतले. पण बिल्ल्यातले बारीक काम पट्टीवर कसे आणायचे ते मला शिकवले आपल्या महाप्याच्या इलेक्ट्रॉनिक झोनमधल्या माणसांनी. तिथे सर्किटच्या पाट्या बनवणारे कारखाने होते. तांब्यावर नको तेवढा भाग फेरिक क्लोराइडच्या पाण्यात खाऊन टाकायचा आणि हवी ती रेषा ठेवायची, ही त्यांची रोजची कामगिरी. तेच मी पितळेवर केले. रेडिओचे सर्किट आणि पलटणीचे बोधवाक्य एकाच पिवळ्या द्रावणातून निघायचे! आता सगळे लेसरवर होते. लाकडाला एक लेसर, पितळेला दुसरा, आणि लाकूडही बहुतेक वेळा एमडीएफच असते, वर सागाचा कागद. दिसायला झकास. पण नवी मुंबईचा एक पावसाळा ओल्या भिंतीवर काढला की कडा पावासारख्या फुगतात.

असो. मला सांगायचे ते हे, की या ऑर्डरी क्वचितच सरकारी असत. युनिटमधून एखादा सुभेदार किंवा क्लार्क यायचा, खिशात नावांची यादी आणि वर्गणीचे पैसे. कुणी पन्नास दिलेले, कुणी वीस. पलटणीतला साथी पेन्शनवर जातोय, बडाखान्याच्या रात्री त्याला काहीतरी हातात द्यायचे. त्यामुळे पाटीवर त्याचे नाव बरोबर हवे, यावर फार जोर असायचा. ‘शिवाजीराव’ की ‘शिवाजी’, आडनावाचे स्पेलिंग काय, नंबराचा शेवटचा आकडा कोणता, यासाठी मंडळी दोन-दोनदा शिळफाट्याकडून माझ्या गाळ्यावर खेपा घालत. देणाऱ्यांनीच तो माणूस रोज पाहिलेला होता. नाव चुकवून कसे चालेल?

आता दगडाकडे वळू या, कारण दगडावर असे झाले नाही.

आपल्याकडे लढून मेलेल्याचा सन्मान फार जुना. गावोगावच्या देवळाबाहेर वीरगळ उभे असतात. खालच्या टप्प्यात लढाई, मधल्यात अप्सरा त्याला घेऊन जाताहेत, वरच्यात तो शिवलिंगापुढे बसलाय, माथ्यावर चंद्र-सूर्य. शिल्प पाहून पराक्रम कळतो, पण बहुतेकांवर एकही अक्षर नाही. गाव त्यांना शेंदूर लावते, नाव गेलेले असते.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. सातारा, पुणे, रत्नागिरी, तेव्हाचा कुलाबा, नगर, सगळीकडे त्या आहेत. चावडीच्या, शाळेच्या, देवळाच्या भिंतीत. मजकूर ठरलेला, इंग्रजीत : या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकड्यांच्या जागा तेवढ्या प्रत्येक गावात वेगळ्या. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात, ज्याला आता सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात, त्या महायुद्धात ४६ जण कामी आले असे सांगतात. एका खेड्यातले शेहेचाळीस! आकडा मोठा आहेच. पण ठरलेल्या मजकुराच्या त्या पाटीत नावाला जागाच ठेवलेली नव्हती.

हे फक्त खेड्यात झाले असेही नाही. माझी आजी एखाद्या बेपत्ता माणसाबद्दल “बसऱ्याला गेला” म्हणायची. मला वाटायचे ही नुसती म्हण आहे. पण त्यामागे खरी माणसे होती. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या आणि कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. उपासमार, रोगराई, शेवटी शरणागती आणि त्यानंतर तुर्कांच्या कैदेतली पायपीट. त्या आघाडीवर मेलेल्यांचे स्मारक १९२९ मध्ये बसऱ्याला झाले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत, आणि साध्या हिंदी शिपायांचे पलटणीगणिक आकडे आहेत. अमुक पलटण, आणि आणखी इतके शिपाई. एवढेच. ते स्मारक १९९७ मध्ये तिथून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभे केले. आता गावातला माणूस तिथवर जाणार तरी कसा, आणि गेला तरी वाचणार काय?

२०२१ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी, ही स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने स्वतःच अहवाल काढून हे मान्य केले. ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण बरोबरीने झाले नाही. आणि किमान १ लाख १६ हजार जणांचे, त्यांत आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेतले फार, नावानिशी झाले नाही किंवा मुळीच झाले नाही. आयोगाने माफी मागितली. माफी चांगलीच, पण शंभर वर्षांनी नावे शोधायची कुठे?

याच्या उलट उदाहरण आपल्या हार्बर लाइनवर आहे. मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावे कोरलेली आहेत. बोटीवर कोळसा मारणारे, स्वयंपाक करणारे, दोरखंड ओढणारे. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही अशी माणसे. म्हणजे मनात आणले तर साध्या माणसाचे नाव लिहिता येत होते. शेकडो वेळा मस्जिदवरून लोकल पकडली असेल आपण. एकदा उतरून बघावे.

त्याच युद्धानंतर घरोघर पाठवलेली एक चकतीही होती. ब्राँझची, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची, जवळच्या नातलगाला टपालाने येई. अशा १३ लाखांहून अधिक निघाल्या, आणि हिंदी शिपायांच्या घरीही त्या आल्या. विलायतेत लोक तिला ‘मेलेल्याचा पैसा’ म्हणत, कारण ती मोठ्या नाण्यासारखी दिसे. तिच्यावर मृताचे पूर्ण नाव होते आणि हुद्दा मुद्दामच लिहिलेला नव्हता. जनरल असो की शिपाई, मरण सारखे म्हणून. ज्या साम्राज्याने बसऱ्याला हुद्दा पाहून नावे लिहिली, त्याच साम्राज्याने ही चकती काढली. एकाच सरकारच्या दोन कचेऱ्या वेगवेगळा विचार करतात, हा अनुभव आपल्याला काही नवा नाही.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे बरेच सुधारले. मुंबई-गोवा रस्त्यावर माणगाव लागते, तिथे तहसील कचेरीच्या आवारात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नायक घाडगे, वय २२. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे जायबंदी किंवा ठार झाल्यावर ते एकटे मशीनगनवर धावून गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यांची कबर सापडलेली नाही, पण नाव इटलीतल्या कासिनो स्मारकावर आहे. आणि २०२३ च्या जुलैमध्ये तिथल्या माँतोने गावाने त्यांच्या नावाने एक छायायंत्र उभारले. गणपतीला कोकणात जाताना आपण माणगावच्या ट्रॅफिकमध्ये तासतासभर अडकतो. तेवढ्यात पाय मोकळे करायला म्हणून तरी तो पुतळा बघून यावा.

२०२३ च्याच ऑगस्टमध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत गावोगाव शिलाफलक बसले, त्यांवर गावातल्या वीरांची नावे आली. १९१९ नंतरच्या आकड्याच्या दगडाला नावाच्या दगडाची जोड मिळायला अशी शंभर वर्षे लागली.

आता आपल्या गेटकडे या. रात्रपाळीला जे हवालदार मामा असतात, ज्यांना आपली मुले नुसतेच ‘मामा’ म्हणतात, ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले आहेत. आपल्या गेटवर त्यांना चौदा वर्षे झाली. म्हणजे सोसायटीच्या निम्म्याहून अधिक आयुष्य त्यांनी पाहिले आहे. ते साताऱ्याकडचे. त्यांच्या गावातही तो संगमरवरी दगड आहे. त्यांचे पणजोबा त्या लढाईत गेले होते आणि परत आले नाहीत. मी त्यांना विचारले, “दगडावर नाव आहे का त्यांचं?” ते म्हणाले, “न्हाई हो. आकडा हाय. त्यातला एक आमचा.”

मामांची स्वतःची ढाल त्यांनी खोलीवर ट्रंकेत, लुंगीत गुंडाळून ठेवली आहे. खोली भाड्याची, खिळा मारायला मालक परवानगी देत नाही. एकदा आणून दाखवली मला. शिसवाची आहे, बेळगावच्या कारागिराच्या हातची. मध्ये पलटणीचा बिगुल, खाली नंबर, हुद्दा, नाव आणि दोन साले. माझ्या हाताखालून अशा हजारो गेल्या असतील, पण तिची कोपऱ्यांची जोडणी पाहून मी तिला दोनदा उलटी-सुलटी केली.

पट्टीवर नंबर लिहिण्याचा आग्रह मी का धरतो, तेही इथे सांगतो. ए विंगमधल्या एका काकूंचे वडील महार रेजिमेंटमध्ये होते. वडील गेले, आई मागे राहिली. २६ जुलै २००५ च्या पुरात त्यांच्या माहेरच्या तळमजल्यावरच्या घरात छातीइतके पाणी शिरले आणि कपाटातल्या सगळ्या कागदांचा लगदा झाला. पुढे आईच्या कुटुंब-निवृत्तिवेतनाच्या कामासाठी धावपळ सुरू झाली, तेव्हा प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच : नंबर काय, युनिट कोणते, कधी भरती, कधी निवृत्त? आजींना एवढेच माहीत होते की “ते सागरला होते.” नंबर कुणाच्याच लक्षात नव्हता. मग मुलाला आठवले की भिंतीवर एक ढाल होती. ती वरच्या खिळ्याला टांगलेली असल्याने पाण्याच्या वर राहिली होती. पितळ काळे पडले होते, पण लिंबाने पुसल्यावर नंबर स्वच्छ निघाला, पलटणीचे नाव निघाले, दोन्ही साले निघाली. लाकडाची ढाल हा काही सरकारी पुरावा नव्हे. पण त्या नंबरावरून रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिता आले आणि तिथले कागद निघाले. आजींना पेन्शन सुरू झाली. तेव्हापासून गिऱ्हाईक कितीही म्हणाले की पट्टी भरगच्च दिसते, नंबर काढा, तरी मी एकदा ही गोष्ट सांगायचोच.

त्या ढालीत आणखी एक बघण्यासारखे आहे. बिल्ल्यावर एकमेकींवर ठेवलेल्या दोन मशीनगन आणि मध्ये खंजीर. काकूंची नातवंडे त्याला तोफा म्हणतात. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर स्तंभ गेला आणि खंजीर आला. म्हणजे कुणाच्या घरी स्तंभाचा बिल्ला असेल, तर ती वस्तू किती जुनी आहे हे नुसत्या बिल्ल्यावरून कळेल. तसेच नौदलाचे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नवी ‘विक्रांत’ दाखल झाली, त्या दिवशी नौदलाचा ध्वज बदलला. जुन्या ध्वजावरचा तांबडा क्रॉस गेला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. आपल्या डी विंगमधल्या नौदलवाल्या काकांच्या भिंतीवर जुना ध्वज असलेली चौकट आहे. त्यांच्या सुनेने विचारले, “नवीन करून घेऊ या का?” माझे मत स्पष्ट आहे : मुळीच नको. ज्या ध्वजाखाली काकांनी नोकरी केली, तोच तिथे राहिला पाहिजे.

जाता जाता घरच्या ढालींबद्दल दोन सूचना, कारण हल्ली मला जिन्यात गाठून लोक हेच विचारतात. ब्रासोने घासू नका. वरचा लॅकर जातो, अक्षरांतला काळा रंग जातो, आणि दहा वर्षांनी नावही जाईल. मऊ सुके फडके पुरे. आणि ढाल बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर लावू नका. लावलीच तर मागे रबराच्या दोन गोट्या चिकटवा, म्हणजे भिंत आणि लाकूड यांत वारा खेळेल. फ्लॅट विकताना, वडीलधारे गेल्यावर आवराआवर करताना, भंगारवाल्याच्या पोत्यात टाकायच्या आधी मागची बाजू एकदा वाचा. बऱ्याच ढालींच्या पाठीवर पेनाने साथीदारांच्या सह्या असतात.

आता आपली पाटी. लाकूड मिळाले आहे. संस्थेच्या जुन्या ऑफिसचा सागवानी दरवाजा, जो दुरुस्तीच्या वेळी काढून गच्चीच्या खोलीत ठेवला होता, तो रंधा मारल्यावर आतून सोन्यासारखा निघाला. तीन फूट बाय दोन फूट सहज होईल.

काहींची सूचना होती की वर मध्यभागी तीन सिंहांची राजमुद्रा घालावी, शोभा येईल. ती घालता येणार नाही. तिच्या गैरवापराला मनाई करणारा कायदा २००५ चा आहे आणि खाजगी संस्थेने ती आपल्या भिंतीवर मिरवणे त्यात बसत नाही. पलटणींचे बिल्लेही मी घालणार नाही, कारण सात घरांचे सात वेगळे, त्यांत कोणता मोठा आणि कोणता लहान हा वाद कशाला? नुसती अक्षरे कोरू, ती चांगली कोरू.

दुसरी सूचना हुद्द्याप्रमाणे क्रम लावण्याची होती. वर कर्नल, मग सुभेदार, मग खाली बाकीचे. आमचे कर्नल साहेब स्वतःच म्हणाले, “माझं नाव वर कशाला? बाराखडीनं लावा.” तसेच लावणार आहे. हुद्दा नावाच्या मागे लहान अक्षरांत येईल, नंबर आणि सेवेची साले त्याखाली.

राहिला तो ‘सभासद’ शब्द. मसुदा तसाच राहिला तर पाटीवर सात नावे येतील आणि आठवे येणार नाही, कारण मामा उपविधींप्रमाणे सभासद नाहीत, भाडेकरूही नाहीत, ते एजन्सीचे कर्मचारी आहेत. एका सदस्यांनी मला प्रामाणिकपणे विचारले, “उद्या एजन्सी बदलली, मामा गेले, तर पाटीवर नाव राहणार का?” माझे उत्तर : हो, राहणार. फ्लॅट विकून गेलेल्या कुणाचे नाव आपण खरवडून काढणार आहोत का? पाटी कोणत्या फ्लॅटची मालकी कुणाची हे सांगायला लावायची नाही. त्यासाठी खालच्या लॉबीत नावांचा बोर्ड आहे. मी ‘सभासदांनी’ खोडून ‘आपल्या संस्थेत राहिलेल्या आणि काम केलेल्या ज्यांनी’ असे लिहून मसुदा कार्यकारिणीला परत दिला आहे. येत्या सर्वसाधारण सभेत तो विषय क्रमांक सहावर आहे. सभेला कोरम होत नाही म्हणून अर्धा तास थांबून पुन्हा सभा घ्यायची आपली पद्धत आहे. या वेळी कृपया वेळेवर या आणि हात वर करा.

ज्या घरांतून कुणी सैन्यात, नौदलात, हवाई दलात होते, मग ते हयात असोत वा नसोत, आणि लेकीसुनांपैकी कुणी असेल तर तेही, त्यांनी डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स सोसायटीच्या ऑफिसात द्यावी. पुस्तक नसेल तर घरातल्या ढालीचा फोटो आणा, पट्टी नीट वाचता येईल असा. पदक असेल तर त्याची कडही बघा, तिथेही नंबर आणि नाव कोरलेले असते. नाव मराठीत कसे लिहायचे ते स्वतःच्या हाताने लिहून द्या. मामांनी त्यांचे दिले आहे, वडिलांच्या नावासकट, सुवाच्य अक्षरात.